घरचं सॅम्पल

माझ्या डोळ्यांचा मला फार गर्व होता. अमरावतीतल्या एका खासगी लॅबमध्ये मी चौदा वर्षं टेक्निशियन आहे आणि त्यातली नऊ वर्षं अंधाऱ्या खोलीतला सूक्ष्मदर्शक माझ्या ताब्यात आहे. तो अंधार मुद्दाम केलेला असतो. काही आजारांत माणसाचं रक्त त्याच्या स्वतःच्याच पेशींवर उलटतं. तसं उलटलंय का, हे पाहायची एएनए नावाची तपासणी असते. काचेच्या पट्टीवर ओळीनं छोटे गोल, प्रत्येक गोलात पेशींचा थर. त्यावर एकेका पेशंटचं सिरम, म्हणजे रक्त निथळून वर राहिलेलं पिवळसर पाणी, पातळ करून घालायचं, धुवायचं, मग चमकणारा रंग घालायचा आणि दिवे बंद करून बघायचं. रक्तात गडबड असेल तर पेशी हिरव्या चमकतात. नसेल तर काळोख. लोकांना वाटतं हे सगळं मशीन सांगतं. मशीन कप्पाळ सांगतं! चमकलं की चमकल्यासारखं वाटलं, हे माणूस ठरवतो, आणि आमच्याकडे तो माणूस मी होते.

सगळी अडचण त्या 'वाटलं'मध्ये आहे. चांगल्या धडधाकट माणसांचं सिरमही कधीकधी फिकट चमकतं. तेवढ्यावर पॉझिटिव्ह लिहीत सुटलं तर अर्धी अमरावती आजारी ठरेल. आणि उलट, फिकट म्हणून सोडून दिलं तर एखादीचा खरा आजार निसटतो. म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यापासून एक शिस्त लावली होती. पट्टी दोघांनी वाचायची. सॅम्पलवर नाव नाही, फक्त नंबर. पहिल्यानं वाचून चिठ्ठीवर लिहायचं, घडी करून काचेच्या वजनाखाली ठेवायची. दुसऱ्यानं ती न उघडता आपली चिठ्ठी लिहायची. मग दोन्ही उघडायच्या. जुळलं तर ठीक, नाही तर मॅडम स्वतः बघणार.

माझ्याबरोबर चिठ्ठी लिहिणारे आमचे सीनियर, मी त्यांना भाऊ म्हणते. वयानं मोठे, बोलायला कमी, आणि डोळा माझ्यापेक्षा काकणभर सरसच. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

शिस्तीसोबत आमच्याकडे एक रीतही होती. ती कुणी लावली नव्हती, आपोआप पडली होती. कुणाच्या नात्यातलं सॅम्पल आलं की सांगायचं, "हे घरचं आहे." म्हणजे काय, तर जरा लक्ष द्या, लवकर लावा, पुन्हा सुई टोचायची वेळ आणू नका. यात वावगं काय आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. उलट न सांगणारा माणूस शिष्ट वाटायचा.

माझी धाकटी बहीण अकोल्याला दिलेली. तिथल्याच एका शाळेत शिकवते. लग्नानंतर सहा वर्षं दवाखाने, औषधं, उपास, सगळं करून झालं, आणि मग एकदाचे दिवस राहिले. चौथा महिना लागला तेव्हा ती तक्रार करू लागली की डोळ्यांत सारखी कचकच होते, तोंडाला कोरड पडते, सकाळी बोटं सुजतात आणि खडू धरवत नाही. तिच्या डॉक्टरीणबाईंनी एएनए लिहून दिली. रविवारी ती बसनं अमरावतीला आली, पिशवीतून तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"बाहेर काहून देऊ? तूच पाय ना," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा हात ठेवून मी रक्त काढलं. लहानपणी ती सुईला इतकी भ्यायची की दवाखान्यातून पळून जायची. त्या दिवशी सुईकडे तिचं लक्षही नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ताई, काई निंघालं तं लेकराले काई होईन का वं?"

"काही निघणार नाही," मी म्हटलं.

म्हणजे रक्त अजून ट्यूबमध्ये गोठलंही नव्हतं आणि मी रिपोर्ट देऊन मोकळी झाले होते.

बुधवारी पट्टी लावली. तिचा नंबर सात. अंधाऱ्या खोलीत जाता जाता मी भाऊंना म्हटलं, "सात नंबर घरचं आहे बरं का, बहिणीचं." त्यांनी मान डोलावली. पहिले सहा गोल मी पटापट वाचले. सातव्यावर आले. काळोख. नजर काढून पुन्हा लावली. पेशींच्या मधोमध अगदी बारीक, हिरवट धूळ पसरल्यासारखं काहीतरी होतं. होतं की नव्हतं? चूल विझल्यावर राखेत विस्तव राहिलाय की नाही हे नुसतं बघून कळत नाही, तसं. शेजारी तुलनेसाठी ठेवलेला निरोगी माणसाचा गोल पाहिला, तर मला वाटलं त्यातही तसंच आहे. परक्या माणसाचा नंबर असता तर मी तिथे दहा मिनिटं घालवली असती. मी अर्धं मिनिटही घालवलं नाही. चिठ्ठीवर 'निगेटिव्ह' लिहिलं आणि घडी घातली. भाऊ आत गेले, बाहेर आले, चिठ्ठी ठेवली. उघडल्या तर दोन्हींवर निगेटिव्ह. मला हायसं वाटलं.

इथवर झालं ते चूक म्हणून सोडता आलं असतं. पुढचं मी जाणूनबुजून केलं.

आमच्या प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टखाली एक ओळ छापलेली असते. काही अँटीबॉडी या तपासणीत दिसत नाहीत, लक्षणं असतील तर पुढची तपासणी करून घ्यावी, अशा अर्थाची. माझी बहीण मास्तरीण. कागद हातात आला की पोरांची वही तपासावी तसं शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते. ही ओळ वाचली की ती झोपणार नाही, जेवणार नाही, मला दिवसातून दहा फोन करील, आणि सहा वर्षांनी आलेलं हे सुख तिला धड भोगता येणार नाही. मी कॉम्प्युटरवर ती ओळ निवडली आणि पुसून टाकली. मॅडमनी गठ्ठ्यातल्या इतर रिपोर्टांबरोबर त्यावर सही केली. बहिणीच्या डॉक्टरीणबाईंनी तो स्वच्छ कागद बघितला आणि डोळ्यांत टाकायचे थेंब लिहून दिले.

दोन-अडीच आठवडे गेले. एका दुपारी डबा खाताना भाऊंनी जवसाची चटणी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "ताई, तुमच्या बहिणीचं कसं हाय?"

"मजेत आहे. का हो?"

"नाई, तसं काई नाई. त्या दिवशी सातव्यात मले थोडे बारीक ठिपके वाटले होते. मंग म्हटलं, तुमी घरचं म्हनून नीट पायलंच असन. उगाच पॉझिटिव्ह लिहून काहून तुमाले भेव देऊ?"

मी हातातला घास परत डब्यात ठेवला.  त्यांनाही दिसलं होतं. मलाही दिसलं होतं. आणि त्यांनी माझ्या भरवशावर, मी मायेच्या भरात निगेटिव्ह लिहून टाकलं होतं. दोन माणसांनी वाचायची पट्टी एकानंही वाचली नव्हती.

भीतीचं खरं कारण ठिपके नव्हते. ठिपके फिकट होते आणि फिकट ठिपके हजारोंचे असतात. पण डोळे कोरडे, तोंड कोरडं, सांधे दुखतात आणि पट्टीवर जेमतेम बारीक ठिपके, हे सगळं एकत्र आलं की एका अँटीबॉडीचं नाव पहिल्यांदा आठवायला हवं. तिला रो म्हणतात. आमच्या पट्टीला नेमकी तीच नीट पकडता येत नाही. कधी फिकट दाखवते, कधी दाखवतच नाही. तिच्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. आईच्या रक्तात ती असली तर वारेतून बाळाकडे जाते, आणि पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हृदयात ठोके चालवणारा जो मार्ग असतो, तो बिघडवू शकते. ठोके निम्म्यावर येतात. एकदा पुरता बिघडला की तो मार्ग परत जुळत नाही. हे मी दर वर्षी शिकाऊ मुलींना फळ्यावर लिहून सांगत आले आहे. आणि बहिणीला पाचवा महिना लागत होता.

डबा तसाच ठेवून मी अंधाऱ्या खोलीत गेले. जुन्या पट्ट्या आम्ही काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतो. ती पट्टी लावली. रंग उतरला होता, तरी सातव्या गोलात मला हिरवं दिसलं. अगदी ठळक दिसलं. मग सहाव्यात दिसलं. पाचव्यातही दिसलं. निरोगी माणसाच्या गोलातही दिसलं. त्या दिवशी मला काही नको होतं म्हणून काही दिसलं नाही. आज मी भ्याले होते म्हणून सगळीकडे तेच दिसत होतं. नऊ वर्षं ज्या डोळ्यांवर मी मिरवले, त्यांना स्वतःचं असं काही मत नव्हतंच. मी खुर्चीवर बसून राहिले. बाहेरून भाऊ दार वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अकोल्याला गेले. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी ठरवत होते की खरं सांगायचं. मूर्तिजापूरनंतर मी घाबरले. बहिणीला म्हटलं, "तुझं सॅम्पल जरा खराब झालं होतं, पुन्हा द्यावं लागेल." तिनं लगेच हात पुढे केला. चहा केला. पोटाला हात लावून म्हणाली, "आता हालून राह्यलं वं. मासोळीवानी." मी हसले. इतकं खोटं मी आयुष्यात हसले नसेन.

ते सॅम्पल आमच्याकडे न लावता मुंबईला पाठवलं, रोसाठीच्या त्या वेगळ्या तपासणीसाठी, जिच्यात कागदी पट्टीवर रेषा उमटतात. या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही. नंबर टाकला आणि डबा बंद केला. उत्तर यायला पाच दिवस लागतात. ते पाच दिवस कसे काढले विचारू नका. फोन वाजला की आधी नंबर बघायचे. अकोल्याचा असला तर वाटायचं ठोके थांबले, मुंबईचा असला तर वाटायचं आता सांगतील. जेवताना, आंघोळ करताना, सिग्नलला गाडीवर उभी असताना मी माझी स्वतःची नाडी मोजत होते आणि ती निम्मी झाली तर कसं वाटेल याचा हिशेब करत होते.

रिपोर्ट आला. रोची रेषा इतकी काळी होती की ती वाचायला कोणत्याही डोळ्याची गरज नव्हती.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी नवा रिपोर्ट पाहिला, मग जुना मागवला. दोन्ही शेजारी ठेवले.

"खालची ओळ कुठे आहे?"

मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"या कागदावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी न वाचता केली, ते माझं मी बघेन. अकोल्याच्या डॉक्टरांना मी आत्ता फोन करते. बहिणीला तू सांगायचं. फोनवर नाही."

पुन्हा तीच बस. बहीण ओट्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. ठिपके, चिठ्ठी, पुसलेली ओळ, खराब सॅम्पलचं खोटं. तिचे हात थांबले नाहीत. शेंग फोडायची, दाणे ताटात, टरफल बाजूला.

"लेकराचं काय?" तिनं विचारलं.

"अजून काही झालेलं नसेल. बहुतेक बाळांना काही होत नाही. पण नागपूरला जाऊन त्याच्या हृदयाची सोनोग्राफी करायची, लगेच. आणि एक गोळी सुरू करायची."

"आन झालं असन तं?"

 तिनं ताट बाजूला ठेवलं.

"थे ओळ पुसताना तुले भेव नाई वाटलं?"

"भीती वाटली म्हणूनच पुसली."

"कोनाचं भेव? माहं का तुहं?"

या प्रश्नावर मी आजही अडते. तिच्यासाठी पुसली, असं मी स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे तिचे दहा फोन मला नको होते. तिच्या भीतीला तोंड द्यायची माझ्यात ताकद नव्हती.

नागपूरच्या त्या खोलीतही दिवे मंद होते. डॉक्टरांनी तिच्या पोटावर यंत्र फिरवलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी फडफडत होतं. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात ठोके मोजायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी दहाच्या पुढे चुकत होते. शेवटी ते म्हणाले, "एकशे शेहेचाळीस. आज छान आहे." मी मोजणं सोडून दिलं. पण त्यातला 'आज' हा शब्द बहिणीनं बरोबर ऐकला होता. तिनं विचारलं, "आन उद्या?" डॉक्टर म्हणाले, उद्याचं कुणी सांगू शकत नाही, म्हणून गरोदरपणाचे अठ्ठावीस आठवडे होईपर्यंत दर आठवड्याला यायचं.

आम्ही दर आठवड्याला गेलो. तिचे यजमान कधी असायचे, कधी नसायचे. मी एकही वारी चुकवली नाही. बहीण माझ्याशी नीट बोलायची. पाणी हवं का, बिस्किट खा, खिडकी लाव. त्यापलीकडे नाही. पूर्वी ती गाडीत बसली की माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची. आता ती खिडकीच्या काचेला डोकं टेकवायची आणि एक तळवा पोटावर ठेवून जागी राहायची.

लॅबमध्ये माझं भलतंच चाललं होतं. प्रत्येक गोलात मला हिरवं दिसायचं. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या नंबरावर मी चांगलं ठळक पॉझिटिव्ह लिहिलं. भाऊंच्या चिठ्ठीवर निगेटिव्ह. मॅडमनी बघितलं, काहीही नव्हतं. त्या चिठ्ठीवर रिपोर्ट गेला असता तर त्या पोरीच्या मागे आयुष्यभराचा आजार मी लावून दिला असता. आधी माया आडवी आली, आता भीती. मॅडमनी मला पट्टीवरून काढलं आणि रक्त काढायच्या टेबलावर बसवलं. मला राग नाही आला. सुटल्यासारखं वाटलं. घरचं आहे असं सांगायची रीतही त्यांनी बंद केली. भाऊंना ते फार लागलं. ते म्हणाले, "माया केली थेच चुकलं का ताई?" मी हो म्हटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मला माझीच चीड आली.

शेवटची तपासणी मे महिन्यात होती. नागपूर नुसतं भाजून निघत होतं. डॉक्टरांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. माझं तोंड तिच्यापेक्षा कोरडं पडलं होतं. मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, हसले आणि म्हणाले, "ठोके उत्तम, धोक्याचा काळ निघून गेला. आता माझ्याकडे यायची गरज नाही. बाळंतपण झालं की मात्र बाळाला एकदा दाखवा."

बाहेर कूलरसमोर बाकावर आम्ही बसलो. बहीण रडली, अगदी मनसोक्त, आणि मीही रडले. पदरानं तोंड पुसून तिनं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"ताई, एक विचारू? खरं सांगजो."

"विचार."

"माह्या जागी कोनी परकी बाई असती, तं थे ठिपके तुले दिसले असते का?"

मी खोटं बोलू शकले असते. सवय झाली होती.

"दिसले असते," मी म्हटलं. "आणि ती ओळही राहिली असती."

 ती उठली, फाइल काखेत धरली, पोटाला हात लावून सावकाश पायऱ्या उतरू लागली. मी आधाराला हात पुढे केला तर तिनं कठडा धरला.

"मंग मले परकीच समजत जाय," ती म्हणाली.

हे ती लॅबपुरतं म्हणाली, की एकूणच, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.